तिकीटसंग्रहाची विल्हेवाट

टपालाची तिकिटे जमविणाऱ्या माणसाला जन्मभर एकच चिंता असते. पुढचे तिकीट कोठून मिळवावे ही. हे सारे आपल्यामागे कोणाकडे जाणार, ही दुसरी चिंता तो सहसा वारसांवर सोपवून मोकळा होतो. आमच्या आजोबांनी असेच केले. त्यांच्यामागे वडिलांनी तो संग्रह कपाटात कुलूपबंद ठेवून तीच चिंता पुढच्या पिढीकडे पाठविली, आणि गेल्या वर्षी वडील निवर्तल्यावर चार आल्बम व एक पत्र्याची पेटी आम्हां भावंडांच्या वाट्याला आली. संग्रह विकावा, वाटून घ्यावा, की कोणाला देऊन टाकावा, याविषयी घरात जी चर्चा सुरू झाली तिच्या निमित्ताने आम्हांस तिकिटांच्या इतिहासाचे बरेच वाचन घडले. हैदराबादेतील एका केंद्रीय कचेरीत टिपणे लिहिण्यात ज्याचा दिवस जातो त्याने इतिहासकाराचा आव आणू नये हे खरे. परंतु जुने कागद ठेवावेत की काढून टाकावेत हा प्रश्न तरी आमच्या रोजच्या ओळखीचा आहे.

वारशाने आलेल्या कागदांतून निघालेल्या तिकिटांत सर्वांत प्रसिद्ध तिकीट दक्षिण अमेरिकेतले आहे. १८७३ साली ब्रिटिश गियानात, डेमेरारा येथे, व्हर्नन व्हॉन नावाच्या बारा वर्षांच्या मुलाला आपल्या काकांच्या जुन्या पत्रांत एक सेंट किमतीचे, किरमिजी कागदावर काळ्या शाईत छापलेले, चारही कोपरे कातरलेले एक तिकीट सापडले. १८५६ साली विलायतेहून तिकिटांचा पुरवठा वेळेवर न आल्यामुळे तेथील एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात ही तिकिटे तात्पुरती छापून घेतली होती. त्या मुलाच्या यादीत असले तिकीट नव्हते. दिसायलाही ते ओबडधोबड. त्याने ते गावातल्या एका संग्राहकाला सहा शिलिंगांस विकले. आज त्या जातीचे दुसरे तिकीट जगात कोठेही ज्ञात नाही; २०१४ साली ते लिलावात चौऱ्याण्णव लाख ऐंशी हजार डॉलरांना गेले. वारसाने घाई करू नये, असा धडा या कथेवरून काढण्याची रीत आहे. आम्हांस ती रीत पटत नाही. त्या मुलाने ते विकले म्हणून तर ते जपले गेले. पत्रांच्या गठ्ठ्यात राहिले असते तर एखाद्या आवराआवरीत चुलीत गेले असते.

पाच वर्षांनी, १८७८ साली, हे तिकीट फिलिप फॉन फेरारी याच्याकडे आले. या माणसाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण मृत्युपत्र कसे लिहू नये याचे त्याच्याइतके मोठे उदाहरण तिकिटांच्या जगात नाही. फेरारी १८५० साली पॅरिसमध्ये जन्मला. बाप इटालियन सरदार व बडा धनिक. घर म्हणजे पॅरिसमधला मातिन्यों हा वाडा, जेथे आज फ्रान्सचे पंतप्रधान राहतात. बापाची सरदारकी त्याने नाकारली, पैसा मात्र तिकिटांत ओतला. जगातील जवळजवळ प्रत्येक दुर्मीळ तिकीट केव्हा ना केव्हा त्याच्या हातून गेले असे म्हणतात. तो इतक्या सढळ हाताने घेई की बनावट तिकिटे करणाऱ्यांनी खास त्याच्यासाठी माल तयार केला. त्याने ऑस्ट्रियाचे नागरिकत्व पत्करले होते, त्याच्या आईने तो वाडा ऑस्ट्रियाच्या सम्राटाला वकिलातीसाठी दिला होता, आणि संग्रह पॅरिसमध्ये होता. त्याने मृत्युपत्रात लिहिले की सारा संग्रह अखंड स्वरूपात बर्लिनच्या टपाल-संग्रहालयास द्यावा. इच्छा उदात्त होती. परंतु मध्ये १९१४ चे महायुद्ध पडले; फेरारी स्वित्झर्लंडात गेला आणि १९१७ साली तेथेच वारला. फ्रान्सच्या दृष्टीने तो शत्रुराष्ट्राचा नागरिक आणि संग्रह शत्रूची मालमत्ता. सरकारने तो जप्त केला आणि १९२१ पासून पुढे चौदा लिलावांत फोडून विकला. जर्मनीकडून येणे असलेल्या युद्धखंडणीत ती रक्कम वळती झाली. चाळीस वर्षांहून अधिक काळ एका माणसाने जे एकत्र केले त्याची पांगापांग चार-पाच वर्षांत झाली.

फेरारीच्या लिलावात ते किरमिजी तिकीट आर्थर हाइंड या अमेरिकन कारखानदाराने तीस हजारांहून अधिक डॉलर देऊन घेतले. तो १९३३ साली वारला. संग्रह विकावा अशी तजवीज होती. पण हे एक तिकीट नवऱ्याने आपल्याला दिले होते असा दावा विधवेने केला, आणि अखेर ते तिला मिळाले. सर्वांत मोलाची वस्तू कोणाची हे स्पष्ट शब्दांत लिहून ठेवण्याचे त्या व्यवहारी माणसाला सुचले नाही, हे नवल आहे.

याच्या उलट इंग्लंडातील टॅपलिंग. पार्लमेंटचा सभासद, १८९१ साली वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी वारला, आणि आपला संग्रह ब्रिटिश म्यूझियमला देऊन गेला. आज तो ब्रिटिश लायब्ररीत आहे. एकोणिसाव्या शतकातील मोठ्या संग्रहांपैकी जसाच्या तसा टिकलेला असा तो जवळजवळ एकटाच. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या संग्रहाचा आरंभ आईकडच्या तिकिटांतून झाला होता. १९४५ साली त्यांचा अंत झाल्यावर पुढच्याच वर्षी त्याचा जाहीर लिलाव झाला, आणि अध्यक्षांच्या आल्बमातील एखादे साधे तिकीट आपल्याकडे असावे म्हणून शेकडो सामान्य संग्राहकांनी बोली लावली. यातही वाईट काही झाले असे आम्हांस वाटत नाही. संग्रह फुटला तरी तो ज्यांना हवा होता त्यांच्याच घरी गेला.

ही सर्व उदाहरणे आम्ही घरात उत्साहाने सांगितली. तेव्हा थोरले बंधू शांतपणे म्हणाले, "ते सगळे ठीक आहे. आपल्याकडे काय आहे ते बघ." त्यांच्या मुलीचे नाव अभियांत्रिकी महाविद्यालयात घालावयाचे होते आणि शुल्काची मुदत जवळ आली होती.

आपल्याकडे काय आहे, याची यादी आम्ही कचेरीच्या शिस्तीने केली. पहिले दोन आल्बम देशोदेशींच्या तिकिटांचे. हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, क्यूबा, आणि जी राष्ट्रे आज नकाशावर नाहीत त्यांची रंगीत चित्रे. मुलांना ती अजूनही आवडतात, व्यापाऱ्याला मुळीच नाही. तिसरा स्वतंत्र भारताचा. त्यात २१ नोव्हेंबर १९४७ चे ध्वजाचे 'जय हिंद' तिकीट पहिल्या पानावर आहे, आणि दुसऱ्या पानावर १५ ऑगस्ट १९४८ ची गांधीजींची तिकिटे. स्वदेशीच्या प्रणेत्याची ही तिकिटे स्वित्झर्लंडात छापलेली, आणि 'बापू' हा शब्द त्यांवर नागरीत व उर्दूत दोन्ही लिपींत. किमती चार : दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. २०१७ साली यांतीलच दहा रुपयांच्या, 'सर्व्हिस' अशी अक्षरे वर छापलेल्या चार तिकिटांची सलग पट्टी पाच लाख पौंडांस विकली गेली. ती बातमी वर्तमानपत्रांतून आली तेव्हा देशभर किती घरांतून जुने आल्बम माळ्यावरून उतरले असतील कोण जाणे. ती अक्षरे छापलेली तिकिटे गव्हर्नर-जनरलच्या कार्यालयासाठी मोजकीच काढलेली होती, हे बातमीच्या मथळ्यात कोणी सांगत नाही. बंधूंनी ते पान हलक्या हाताने उलटले. पहिली तीन तिकिटे आपापल्या जागी होती. चौथ्या जागी आजोबांनी पेन्सिलीने चौकट आखून आत 'रु. १०' असे लिहिले होते, आणि ती चौकट कोरी होती.

तिचे कारण आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. १९४८ च्या ऑगस्टात आजोबा सोलापुरात होते. रझाकारांच्या भयाने मोगलाईतून बाहेर पडलेली हजारो मराठी कुटुंबे तेव्हा सीमेपलीकडच्या गावांत आश्रयाला होती; आमचे कुटुंब नांदेडहून तेथे आले होते. बारा आण्यांचे तिकीट घेतले म्हणून पणजोबा त्यांच्यावर रागावले होते. दहा रुपयांचे नावही काढण्याची सोय नव्हती. पुढे नोकरी लागली, हैदराबादेत घर झाले, आणि ते तिकीट विकत घेणे त्यांना अशक्य राहिले नाही. तरी त्यांनी ते घेतले नाही.

चौथा आल्बम निजामाच्या तिकिटांचा. येथे थोडा इतिहास सांगणे प्राप्त आहे, कारण हैदराबादेतल्या मराठी वाचकांतही तो आता फारसा कोणाला माहीत नसतो. १८५२ साली सिंधमध्ये बार्टल फ्रिअर याने आशियातील पहिले तिकीट काढले. १ ऑक्टोबर १८५४ पासून साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एकच तिकीट व अंतर न पाहता वजनावर आकारणी अशी पद्धत सुरू झाली. परंतु साऱ्या हिंदुस्थानासाठी याचा अर्थ सर्वत्र असा नव्हता. संस्थाने दोन प्रकारची होती. ग्वाल्हेर, पतियाळा यांसारख्या काहींनी सरकारशी करार केला. तेथे इंग्रजी तिकिटावरच संस्थानाचे नाव छापीत. दुसऱ्यांनी स्वतःचे टपाल व स्वतःची तिकिटे ठेवली. ती हद्दीपलीकडे चालत नसत. होळकरांचे इंदूर, पवारांचे धार ही मराठी घराण्यांची संस्थाने या दुसऱ्या प्रकारात होती. सर्वांत मोठे अर्थातच हैदराबाद. निजामाचे पहिले तिकीट १८६९ चे. १८७१ पासून निघालेल्या तिकिटांवर मध्यभागी फारसी वळणाची मोहोर आणि भोवती इंग्रजीबरोबर तेलुगू व मराठीतही किंमत लिहिलेली असे. म्हणजे मराठी अक्षरे टपालाच्या तिकिटावर आणणाऱ्यांत निजामाची गणना केली पाहिजे, ही गोष्ट आमच्या पणजोबांना रुचली नसती. १९३१ च्या मालिकेत चारमिनारबरोबर आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार आणि एका रुपयावर दौलताबाद आले. शेवटच्या वर्षांत गोवळकोंड्याचा किल्ला आणि वरंगळची काकतीय कमान आली. १९५० साली हे टपाल भारतीय टपालात विलीन झाले आणि तिकिटे आल्बमात गेली.

तरीही चारही आल्बम मिळून बाजारात फारसे मोल नाही, असे सुलतानबाजारातील जाणत्या व्यापाऱ्याने स्पष्ट सांगितले. निजामाची सुटी तिकिटे लाखांनी छापली गेली, लाखांनी उरली. त्याची नजर पत्र्याच्या पेटीवर होती.

त्या पेटीत त्र्याऐंशी पाकिटे आणि एकतीस कार्डे आहेत. आजोबा तरुणपणी त्या काळच्या सर्व संग्राहकांप्रमाणे पाकिटे पाण्यात भिजवून तिकिटे सोडवीत आणि पाकीट फेकून देत. तिकीट म्हणजे संग्रह आणि पाकीट म्हणजे कचरा, हीच तेव्हाची समजूत. पेटीतल्या पाकिटांना मात्र त्यांनी हात लावला नाही, कारण त्यांवर पणजोबांचे अक्षर होते. एवढ्या भावनेच्या बळावर ती वाचली. आणि त्यांतच आमच्या मते या संग्रहाचा सारा अर्थ साठलेला आहे.

पणजोबा नांदेडास शिक्षक होते. त्यांची एक बहीण परभणीस दिलेली, दुसरी नाशिकास. परभणीच्या पाकिटावर निजामाचे तिकीट आणि उर्दू अक्षरांचा शिक्का. नाशिकच्या पाकिटावर पंचम जॉर्ज, कारण मोगलाईबाहेर जाणाऱ्या पत्राला इंग्रजी तिकीटच लागे. अक्षर तेच, शाई तीच, आरंभीच्या पाकिटांवरचा पत्ताही त्याच मोडी वळणाचा. एका बहिणीला लिहिताना माणूस एका राज्यात असे आणि दुसरीला लिहिताना दुसऱ्या. एकीच्या तिकिटासाठी हाली पैसा मोजायचा, दुसरीच्यासाठी कलदार. आणि सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार हा हिशेब घराघरांतील बायकांनाही तोंडपाठ. ही इंग्रजी तिकिटे आधी लंडनहून छापून येत. १९२६ पासून ती नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात छापू लागले. तेव्हा नाशिकला छापलेले तिकीट नांदेडला यावे आणि नांदेडहून लावून ते पुन्हा नाशिकला जावे, आणि तरीही ते परमुलखाचे तिकीट म्हणून पणजोबांनी विकत घ्यावे, असे घडत होते. मराठी माणसाच्या घरातून जाणारी ही सीमा पुस्तकांत आम्ही वाचली होती. १७ सप्टेंबर १९४८, १ नोव्हेंबर १९५६, १ मे १९६० या तारखा शाळेत पाठ केल्या होत्या. पण एका भावाच्या दोन बहिणींना दोन राजांची तिकिटे, हे डोळ्यांनी प्रथम पाहिले ते या पेटीत. राज्यपुनर्रचनेत नांदेड-परभणी मराठी राज्यात गेली आणि आमचे घर या शहरात राहिले, म्हणून ही पाकिटे आम्हांस अधिक बोलकी वाटत असतील, हेही नाकारीत नाही.

व्यापाऱ्याचे म्हणणे असे : निजामाची तिकिटे असलेली एकेचाळीस पाकिटे व सर्व कार्डे तो घेईल, किंमत चांगली देईल. पंचम जॉर्जची पाकिटे सर्वत्र मिळतात, ती त्याला नकोत. त्याच्या दृष्टीने तो वाजवी बोलत होता. संस्थानी टपालाचा संग्राहक इंग्रजी टपाल कशाला घेईल? पण तसे झाले असते तर परभणीची बहीण कोठल्या तरी परदेशी संग्राहकाच्या दप्तरात गेली असती आणि नाशिकची बहीण आमच्या कपाटात राहिली असती. फेरारीच्या संग्रहातून एकेक तिकीट उचलले तरी ते दुर्मीळच राहिले. या पाकिटांची गोष्ट तशी नव्हे. ती जोडीने आहेत तोवर काही सांगतात.

बंधूंना आम्ही हे सांगितले तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. "सांगतात खरे; पण शुल्क भरीत नाहीत," एवढेच म्हणाले. त्यांचे म्हणणे खोडून काढणे शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते. वारसा चौघांचा असताना एकाने इतिहासाचे नाव घेऊन दुसऱ्याचा हिस्सा अडवावा, हा इतिहासाचा चांगला उपयोग नव्हे. अखेर असे ठरले की पहिले तीन आल्बम व निजामाची सुटी तिकिटे विकावी, ती रक्कम सर्वस्वी बंधूंनी घ्यावी. आणि व्यापारी पाकिटांना जे देणार होता त्यातील बंधूंच्या हिश्शाइतके आम्ही उरलेल्या तिघांनी आपल्या बचतीतून द्यावे. आमच्या पगारात ते सुखाचे गेले नाही. घेताना त्यांनाही संकोच वाटला. तिसऱ्या आल्बमाचे गांधीजींचे पान मात्र त्यांनी स्वतःच, न विचारता, काढून ठेवून घेतले.

पाकिटे कोठे ठेवावी हा प्रश्न उरला. दिल्लीच्या डाक भवनात १९६८ पासून राष्ट्रीय टपालतिकीट संग्रहालय आहे. तेथे दुर्मीळ तिकिटांना मान आहे, पण एका शिक्षकाच्या बहिणींना किती जागा मिळेल याची आम्हांस शंका वाटली. म्हणून याच शहरातील एका मराठी ग्रंथालयाशी बोलणे केले. फेरारी डोळ्यांसमोर होता, तेव्हा मृत्युपत्राच्या भानगडीत न पडता आम्ही चौघांनी सह्या करून जिवंतपणीच दानपत्र दिले. हाइंड डोळ्यांसमोर होता, तेव्हा प्रत्येक पाकिटावर क्रमांक घालून यादी जोडली. संग्रह फोडू नये आणि अभ्यासकास मागताच दाखवावा, अशी अट घातली. मोडी पत्ते व आतली मोडी पत्रे एका निवृत्त शिक्षकांनी तीन महिने बसून नागरीत उतरवून दिली.

एकतीस कार्डांवर येऊन मात्र गाडे अडले. पाकिटातले पत्र काढून ठेवता येते. कार्डाचे तसे नाही. तिकीट पाठीवर छापलेले आणि मजकूर पोटात. ही बहुतेक कार्डे आजीने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत माहेरी परभणीला गेली असता आजोबांना लिहिलेली. आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे तिच्या मुलीने, ती लोकांना दाखविण्यास साफ नकार दिला. टपालाच्या दरांचा, शिक्क्यांचा, संस्थानी कार्डांच्या दुर्मिळतेचा युक्तिवाद आम्ही केला. त्या ऐकून घेत राहिल्या आणि म्हणाल्या, "ते कार्ड पोस्टमननेच वाचले असेल, तेवढे पुरे." आठवडाभराने त्यांनी सर्व कार्डे स्वतःकडे मागून घेतली, चष्मा लावून दोन दुपारी वाचली, आणि सत्तावीस परत दिली. चार ठेवून घेतली. त्या चारांत काय आहे हे आम्ही विचारले नाही. ग्रंथालयाला दिलेल्या यादीत त्यांचे क्रमांक कायम आहेत. पुढे निजामाचे छापील तिकीट, परभणीचा शिक्का, इतकी नोंद केली आहे, आणि शेऱ्याच्या रकान्यात 'घरी' असे लिहिले आहे.